कुकी काढण्याचा अधिकार कोणाचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ या नावाखाली उभी केलेली बहुतेक तंत्रे गुंडाळली. क्रोम ब्राउझरमधून थर्ड-पार्टी कुकी हद्दपार करायच्या आणि माणसामागे पाळत न लावताही त्याच्या आवडीची जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचवायची, असा तो घाट होता. जानेवारी २०२० मध्ये ही घोषणा करताना गूगलने स्वतःच दोन वर्षांची मुदत घालून घेतली होती. ती आधी २०२३ पर्यंत, मग २०२४ पर्यंत, मग २०२५ पर्यंत लांबली. जुलै २०२४ मध्ये कुकी काढण्याचा बेतच सोडून ‘वापरणाऱ्याला निवड देऊ’ असे ठरले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या निवडीची वेगळी सूचनाही दाखवायची नाही असे ठरले. इतक्या वर्षांनी कुकी होती तिथेच आहे. या प्रकरणाकडे बहुतेकांनी खासगीपणा विरुद्ध स्पर्धा असा झगडा म्हणून पाहिले: कुकी काढली तर लोकांची सुटका होते पण गूगलचे छोटे प्रतिस्पर्धी मरतात, ठेवली तर ते जगतात पण पाळत चालू राहते. मला ही मांडणीच मान्य नाही. कुकी राहावी की जावी, यापेक्षा ते ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे हा प्रश्न मोठा आहे. ब्राउझर, जाहिरातीचा लिलाव आणि जाहिरात झळकण्याची जागा या तिन्हींचा मालक एकच असेल, तर खासगीपणा आणि स्पर्धा यांपैकी एक गमावल्याशिवाय दुसरे मिळणारच नाही, असे चित्र कायम दिसत राहणार.

मुळात कुकी ही पाळतीसाठी जन्माला आली नव्हती. वेब ज्या नियमांवर चालते त्यांना स्मरणशक्ती नाही. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरतो. दुसरे पान मागितले की त्याच्या लेखी तुम्ही नवखे. अशा व्यवस्थेत दुकान चालवणे कठीण, कारण टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर लक्षातच राहत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रामरने त्यावर तोडगा काढला: साइटने एक छोटी नोंद ब्राउझरकडे ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक भेटीत ती त्याच साइटला दाखवायची. ‘त्याच साइटला’ ही अट विचारपूर्वक घातलेली होती. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकला असता तर काम सोपे झाले असते, पण मग कोणतीही साइट तो क्रमांक वाचू शकली असती. फट राहिली ती वेगळ्याच ठिकाणी. एखाद्या वर्तमानपत्राचे पान दिसायला एक असले तरी त्याचे तुकडे अनेक सर्व्हरवरून येतात. मजकूर वर्तमानपत्राचा, पण कोपऱ्यातली जाहिरात एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. ती जाहिरात मागवताना ब्राउझर त्या कंपनीशीही बोलतो, आणि तीही आपली नोंद ठेवून जाते. वाचक त्या कंपनीच्या साइटवर कधी गेलेला नसतो, तिचे नावही त्याने ऐकलेले नसते. पण तीच कंपनी हजारो साइटवर जाहिराती दाखवत असेल, तर सकाळी बातम्या, दुपारी आजाराची माहिती, रात्री कर्जाचे व्याजदर शोधणारा माणूस एकच आहे हे तिला प्रत्येक वेळी कळते. हीच थर्ड-पार्टी कुकी.

ही फट लक्षात यायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द मॉन्टुली यांनी लिहिलेला कुकीचा पहिला मानक-दस्तऐवज इंटरनेटच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. वाचकाने स्वतः न उघडलेल्या साइटच्या कुकी ब्राउझरने मुळात स्वीकारू नयेत आणि तशी मुभा द्यायचीच असेल तर ती वाचकाने स्वतः चालू करावी, असे त्यात म्हटले होते. पाळतीच्या बाजारावरचा उपाय हा बाजार बाळसे धरण्याआधीच कागदावर होता. पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही बड्या ब्राउझर कंपन्यांनी तो अमलात आणला नाही, कारण तोवर जाहिरात हे वेबच्या कमाईचे साधन होऊ लागले होते. पुढे २०११ च्या मानकाने हा निर्णय ब्राउझर बनवणाऱ्यांवरच सोपवला. माझ्या युक्तिवादाचा पहिला पुरावा हा आहे. तंत्र काय करू शकते यापेक्षा ब्राउझर उघडताक्षणी कोणता पर्याय आधीपासून निवडलेला असतो, हे निर्णायक ठरते. सेटिंगमध्ये जाऊन तो बदलणारे थोडेच. आणि तो पर्याय निवडण्याची सत्ता लोकांकडे, संसदेकडे किंवा मानक-संस्थेकडे नसून काही मोजक्या कंपन्यांकडे होती. ‘डू नॉट ट्रॅक’ची गतही हेच सांगते. माझ्यावर पाळत नको, असा निरोप ब्राउझरने प्रत्येक साइटला द्यावा अशी ती योजना होती. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये तो निरोप आपोआप चालू ठेवला, तेव्हा जाहिरात उद्योगाने तो मानायलाच नकार दिला. पाळायचे बंधन कोणावरच नव्हते, त्यामुळे योजना तिथेच विरली.

आता पैशाकडे वळू. आज पान उघडताना रिकाम्या जागेचा लिलाव होतो. वाचक कोण, त्याच्या आधीच्या हालचाली काय, हे बोली लावणाऱ्यांना कळवले जाते, बोली येतात, जिंकणारी जाहिरात झळकते. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत उरकते. या साखळीत जाहिरातदाराच्या बाजूने खरेदी करणारे साधन, मधला लिलाव आणि प्रकाशकाच्या बाजूने जागा विकणारे साधन असे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आपला वाटा कापून घेतो. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून २०२० मध्ये करून घेतलेल्या तपासणीत जाहिरातदाराने खर्च केलेल्या पैशातला साधारण ५१ टक्केच भाग प्रकाशकापर्यंत पोहोचतो असे दिसले. जवळपास १५ टक्के रक्कम नेमकी कोणाकडे गेली याचा हिशेबच लागला नाही. बाजार समितीत शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा खरेदीदार आणि लिलाव पुकारणारा हा एकच माणूस असेल आणि मोजमापाचा काटाही त्याचाच असेल, तर भाव कोणाच्या सोयीने निघेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. ऑनलाइन जाहिरातीत गूगलची जागा अशीच आहे. तिची पायाभरणी डबलक्लिक या जाहिरात-तंत्राच्या कंपनीच्या खरेदीने झाली. सुमारे ३.१ अब्ज डॉलर मोजून केलेल्या या व्यवहाराला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००७ मध्ये परवानगी दिली. पॅमेला जोन्स हार्बर या एकट्या आयुक्तांनी विरोधी मत नोंदवले. दोन कंपन्यांकडची लोकांविषयीची माहिती एकत्र आली की खासगीपणा आणि स्पर्धा या दोन्हींवर परिणाम होईल, हा त्यांचा मुद्दा होता. बहुमताने तो बाजूला ठेवला. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की प्रकाशकांसाठीचे जाहिरात सर्व्हर आणि जाहिरातींचा लिलाव या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली आणि ही दोन साधने एकमेकांना बांधून ठेवली. जाहिरातदारांच्या बाजूच्या बाजाराबाबतचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने याच व्यवसायातल्या वर्तनासाठी गूगलला २.९५ अब्ज युरोचा दंड ठोठावला.

या पार्श्वभूमीवर क्रोमची २०२० ची घोषणा वाचायला हवी. अ‍ॅपलच्या सफारीने त्याच वर्षी मार्चमध्ये थर्ड-पार्टी कुकी पूर्णपणे रोखल्या आणि फायरफॉक्सने त्याआधीच माहीत असलेल्या माग काढणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली होती. पण वेबवर फिरणारे जगातले साधारण दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात, म्हणून खरा आघात क्रोममुळेच होणार होता. तो कोणावर? थर्ड-पार्टी कुकी गेल्या की छोटी जाहिरात कंपनी आंधळी होते. गूगल होत नाही. सर्च, यूट्यूब, जीमेल, नकाशे या त्याच्याच सेवांवर लोक स्वतःच्या खात्याने आत येतात. तिथली माहिती थर्ड-पार्टी कुकीवर अवलंबूनच नाही. शिवाय कुकीच्या जागी येणारी नवी व्यवस्था, म्हणजे ब्राउझरनेच वाचकाच्या आवडीचे विषय ठरवायचे आणि लिलावही बराचसा ब्राउझरमध्येच करायचा, हीसुद्धा गूगलनेच आखायची होती. म्हणून सीएमए या ब्रिटिश स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२१ मध्ये चौकशी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गूगलकडून लेखी हमी घेतली: बदल करताना स्वतःच्या जाहिरात व्यवसायाला झुकते माप देणार नाही, क्रोममधल्या ब्राउझिंगच्या नोंदी जाहिरातीचा नेम धरण्यासाठी वापरणार नाही, आणि कुकी काढण्याआधी नियामकाला तपासणीसाठी अवधी देईल. ही हमी कुकी काढण्यावरची बंदी नव्हती. तो बदल निष्पक्षपणे करण्याची अट होती, आणि गूगलला त्याच अटीखाली तो तडीला नेता आला नाही.

‘कुकी गेल्या तर प्रकाशक बुडतील’ हे पालुपद या काळात सतत ऐकू आले, आणि ते फेटाळून लावण्याजोगे नाही. ते नीट तपासायला हवे, कारण यातले आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. २०१९ मध्ये गूगलने स्वतःच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: कुकी बंद केल्यावर मोठ्या ५०० प्रकाशकांचे उत्पन्न सरासरी ५२ टक्क्यांनी घटले. गूगलच्या प्रयोगातल्या आकडेवारीवरून सीएमएने २०२० मध्ये ब्रिटिश प्रकाशकांसाठी सुमारे ७० टक्क्यांचा अंदाज काढला. याउलट मरोट्टा, अभिषेक आणि अक्विस्टी या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या माध्यम कंपनीच्या व्यवहारांची छाननी केली, तेव्हा कुकी असल्याने प्रकाशकाच्या हाती जेमतेम ४ टक्के जास्त पडतात असे आढळले. पद्धती वेगळ्या होत्या, म्हणून आकडे वेगळे आले. एकीकडे कुकी मुद्दाम बंद करून पाहिलेला प्रयोग, दुसरीकडे झालेल्या व्यवहारांचे विश्लेषण. पण दोन्हींत एक गोष्ट समान होती, आणि तीच या वादाची किल्ली आहे. एका जागेला कुकी नसताना बाकी सगळा बाजार कुकीसह चालू होता. अशा वेळी जाहिरातदार साहजिकच ओळख पटणाऱ्या वाचकाकडे पैसा वळवतो. ७० टक्क्यांचा आकडाही याच अटीचा आहे: आपल्याला नेमक्या जाहिराती विकता येत नाहीत आणि शेजाऱ्याला येतात, तेव्हाची ती घट. सगळ्यांचीच कुकी एकदम गेली तर काय होईल, हे त्यावरून कळत नाही. ज्यांनी पाळत सोडून मजकुरावरून जाहिरात विकायला घेतली, त्यांचा अनुभव मात्र आशादायक आहे. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण सेवेची जाहिरात विकणाऱ्या संस्थेने २०२० च्या आरंभी माग काढणाऱ्या कुकी सोडल्या, आणि पुढच्या महिन्यांत उत्पन्न घटण्याऐवजी वाढले. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये युरोपातल्या वाचकांच्या वर्तनावर बेतलेल्या जाहिराती बंद केल्या. तिथल्या जाहिरात उत्पन्नाला त्याचा फटका बसला नाही. या संस्था मोठ्या आणि प्रतिष्ठित आहेत, गावपातळीवरच्या बातम्या देणाऱ्या साइटला हाच अनुभव येईल असे मी म्हणणार नाही. तरीही या आकड्यांतून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. नुकसान कुकी जाण्याने होते त्यापेक्षा ती काहींचीच जाण्याने अधिक होते. दुबळ्याचे डोळे झाकले आणि बलवानाचे उघडे ठेवले, तर पैसा बलवानाकडे जाणारच. गूगलच्या योजनेतला धोका नेमका इथे होता.

यावर पहिला आक्षेप असा की अ‍ॅपलने हेच केले, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने केले, मग गूगललाच आडकाठी का? मोझिलाबाबत उत्तर सोपे आहे: फायरफॉक्सच्या मागे अब्जावधी डॉलरचा जाहिरात लिलाव नाही. अ‍ॅपलची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर प्रत्येक अ‍ॅपला, तुमचा माग काढू का, असे विचारायला भाग पाडले. लोकांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट होती आणि तिचा परिणाम इतका खोल झाला की फेसबुकची मालक असलेल्या मेटाने २०२२ साठी सुमारे १० अब्ज डॉलरच्या फटक्याचा अंदाज वर्तवला. पण इतर कंपन्यांसाठी घातलेल्या अटी आणि अ‍ॅपलचे स्वतःच्या अ‍ॅपसाठीचे नियम सारखे नव्हते. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने याबद्दल अ‍ॅपलला १५ कोटी युरोचा दंड केला. प्राधिकरणाने नमूद केले की खासगीपणाचे उद्दिष्ट आक्षेपार्ह नाही. ते राबवण्याची रीत आवश्यकही नव्हती आणि प्रमाणशीरही नव्हती. म्हणजे मुद्दा गूगलपुरता नाही. जिथे दाराचा पहारेकरी स्वतःच आतल्या बाजारात दुकान थाटून बसतो, तिथे ही अडचण येणारच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि मला तो बराचसा पटतो. स्पर्धेच्या नावाखाली प्रत्यक्षात पाळतीचा धंदा वाचला. सीएमएकडे तक्रार घेऊन गेलेल्यांत जाहिरात-तंत्राच्या कंपन्या होत्या; त्यांना वाचकाच्या खासगीपणाची चिंता होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चर्चा लांबत गेली आणि क्रोम वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या हालचाली टिपल्या जात राहिल्या. ही किंमत खरी आहे आणि ती कोणी मोजली हे विसरता कामा नये. पण तिचे मूळ स्पर्धा कायद्यात नाही. मूळ आहे ते खासगीपणाचा निर्णय कायद्याऐवजी एका कंपनीच्या सोयीवर सोडण्यात. १९९७ चा नियम सर्वांवर बंधनकारक असता, तर २०२० मध्ये एका कंपनीला तारीख जाहीर करायची आणि मग ती पुढे ढकलायची वेळच आली नसती. संमतीची चौकट हाही पुरेसा उपाय नाही. युरोपात २०१८ पासून बहुतेक साइटवर ‘स्वीकारा’ची खिडकी उघडते, पण फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला, कारण कुकी स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, अशी रचना होती. मांडणी आपल्या हातात असेल तर होकार मिळवणे अवघड नसते. आणि अशा खिडक्या शेकडो कंपन्यांसाठी होकार मागतात, तेव्हा ज्या कंपनीकडे वाचकाचे खाते आहे तिला एकाच होकारात सगळे मिळून जाते.

खासगीपणा आणि स्पर्धा एकाच दिशेने नेता येतात, हे दाखवणारी वाट जर्मनीत सापडते. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या बुंडेसकार्टेलाम्ट या स्पर्धा कार्यालयाने फेसबुकला बजावले की इतर साइट आणि स्वतःच्या इतर सेवांवरून गोळा केलेली माहिती लोकांच्या खऱ्या संमतीशिवाय एकत्र करणे हा बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर आहे. जुलै २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पर्धा नियामकाला माहिती-संरक्षणाचा भंग विचारात घेता येतो हे मान्य केले. युरोपच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टनेही बड्या कंपन्यांना आपल्या वेगवेगळ्या सेवांतली वैयक्तिक माहिती संमतीविना एकत्र करण्यास मनाई केली, आणि ती मार्च २०२४ पासून लागू झाली. इथे ‘आपली’ कुकी आणि ‘परकी’ कुकी हा भेद गौण ठरतो. यूट्यूबवर काय पाहिले ते सर्चच्या जाहिरातीला कळणे आणि अनोळखी कंपनीला कळणे, यात वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. बाजाराच्या दृष्टीने तर पहिली गोष्टच जास्त घातक आहे. बंधन दोन्हींवर सारखे आले, तर मोठ्याला घरातल्या माहितीचा आडमार्ग उरत नाही आणि छोट्याला पाळतीचे समर्थन करावे लागत नाही.

भारतात हा प्रश्न परका नाही. डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या जाहिरात व्यवहाराची चौकशी करण्याचा आदेश दिला. जाहिरातदार किती मोजतो आणि त्यातले आपल्याला किती टक्के मिळतात हे प्रकाशकाला कळतच नाही, हे त्या तक्रारीतले एक प्रमुख गाऱ्हाणे होते. वर्गणी न घेता वाचकाला मोफत बातम्या देणाऱ्या मराठी साइटचे पोट मुख्यतः याच जाहिरातींवर भरते, त्यामुळे लिलावात गळणाऱ्या प्रत्येक रुपयाचा अर्थ तालुक्याच्या ठिकाणी एक वार्ताहर कमी असा होऊ शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याच्या २०२१ च्या धोरणाबद्दल २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपील लवादाने तो दंड कायम ठेवला, मात्र जाहिरातीसाठी माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातली मुख्य बंधने लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. लहान मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करणे या कायद्याने रोखले आहे. प्रौढांच्या बाबतीत सगळा भार संमतीवर आहे, आणि एकाच कंपनीच्या अनेक सेवांतली माहिती एकत्र करण्याला वेगळा अटकाव नाही. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात तशी तरतूद आहे. ते विधेयक पुढे नेऊन २०२३ च्या कायद्याखालचे माहिती-संरक्षण मंडळ आणि स्पर्धा आयोग यांनी एकमेकांच्या प्रकरणांत मत मागवण्याची पद्धत घालून घेतली, तर ब्राउझर कोणता आणि कुकी कोणाची यावर वाचकाचे संरक्षण अवलंबून राहणार नाही.